बदकांची शिकार आणि आमची सोंवळी दया

गेल्या संक्रांतीस आमच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला. आरोपी हजर नव्हता. तो दूर अमेरिकेंत, मिनेसोटा राज्यांत होता. आरोपी म्हणजे माझा भाचा. वय वर्षें अडतीस, धंद्यानें इंजिनियर, आणि आतां तिकडचाच नागरिक झालेला. पुरावा म्हणजे त्यानें आपल्या आईस, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीस, पाठविलेलें एक छायाचित्र. त्यांत तो छातीपर्यंत येणारे रबरी बूट चढवून मांडीभर पाण्यांत उभा होता, आणि त्याच्या हातांत हिरव्या डोक्याचें एक मेलेलें बदक होतें. तिळगुळाच्या वाट्या बाजूला राहिल्या आणि जमलेल्या मंडळींनीं एकमुखानें निकाल दिला, "पोरगा बिघडला." आमच्या कुटुंबांत ज्यांचा शब्द प्रमाण मानतात ते वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "आपल्या सात पिढ्यांत कोणीं मुंगीसुद्धां मारली नाहीं." बहीण रडकुंडीस आली. ह्या खटल्यांतील डोळ्यांनीं पाहिलेला साक्षीदार मी एकटाच होतों. परंतु त्या दिवशीं मी गप्प बसलों. ती साक्ष आज लिहून देत आहें. ती ऐकल्यावर वाचकांस कदाचित् असें वाटेल, कीं ह्या खटल्यांत आरोपी आणि न्यायाधीश यांच्या जागांची अदलाबदल झाली पाहिजे.

प्रथमच सांगून टाकतों, कीं मी शाकाहारी आहें, बंदूक मीं जन्मांत चालविलेली नाहीं, आणि करमणुकीसाठीं प्राण घेणें ह्या गोष्टीचा मला पूर्वीपासून तिटकारा आहे. त्या आधींच्या आश्विनांत मी भाच्याकडे राहावयास गेलों, तेव्हां त्यानें हा नवा नाद लावून घेतल्याचें कळून माझ्याहि कपाळास आठ्या पडल्या. त्याचें मन वळवावें ह्या हेतूनेंच मी त्याच्याबरोबर हिंडूं लागलों. सहा आठवड्यांनीं परत आलों, तो त्याचें मन न वळवितां, आणि माझेंच थोडें वळवून घेऊन. त्यानें मला शिकारी केलें नाहीं. परंतु 'पक्ष्यांवर माझें प्रेम आहे' असें चारचौघांत म्हणण्याची माझी जी जुनी खोड होती, ती मात्र त्यानें मोडली.

आमच्याकडे 'शिकार' म्हटली कीं डोळ्यांपुढें राजेरजवाडे, हांकारे आणि भिंतीवर टांगलेलीं मुंडकीं येतात. शिकाऱ्यास शाळा असते, त्याची परीक्षा होते, ही कल्पनाच आम्हांस परकी आहे. मिनेसोटांत १९७९ सालानंतर जन्मलेल्या माणसास बंदुकीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केल्यावांचून सामान्यतः शिकारीचा परवाना मिळत नाहीं. माझा हा पदवीधर भाचा बारा-बारा वर्षांच्या मुलांच्या शेजारीं बांकावर बसून हा धडा शिकला. बंदूक नेहमीं भरलेलीच आहे असें समजावें. तिचें तोंड कोणत्या दिशेस असावें. होडींत चढतांना काडतूस काढून घ्यावें. थंड पाण्यांत होडी उलटली तर काय करावें, येथून त्या धड्यांस प्रारंभ होतो. आणि तो संपतो न संपतो तोंच खरा अभ्यास सुरू होतो. तो डोळ्यांचा आणि कानांचा.

उत्तर अमेरिकेंतील बदकें शरदांत दक्षिणेकडे उतरतात, त्यांचे चार मोठे मार्ग मानले आहेत. मिनेसोटावरून जाणारा तो मिसिसिपी-मार्ग. त्या मार्गावर एका शिकाऱ्यास दिवसाला सहा बदकें घेण्याची मुभा आहे. परंतु त्या सहांत 'मॅलार्ड' जातीचीं चारांहून अधिक नकोत, आणि त्या चारांतहि माद्या दोहोंहून अधिक नकोत. दुसऱ्या कित्येक जातींस ह्याहून लहान मर्यादा. याचा अर्थ असा, कीं पहांटेच्या अंधुक प्रकाशांत, वाऱ्याबरोबर बाणासारखा जाणारा पक्षी कोणत्या जातीचा, नर कीं मादी, हें क्षणार्धांत ओळखतां आलें पाहिजे. आणि ओळखतां आलें नाहीं तर बंदूक खालीं ठेवली पाहिजे. भाचा रोज रात्रीं जेवणानंतर चित्रांचे पत्ते मांडून बसे. पंखावरचा चकाकता पट्टा निळा कीं हिरवा, चोंच रुंद कीं निमुळती, थवा सरळ रेषेंत जातो कीं वळणें घेत जातो, मादीचा आवाज कोणता आणि नराचा कोणता, हें सारें त्यास पाठ करावयाचें होतें. मी तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवितों. स्कायलार्क आणि नाइटिंगेल यांवरील कविता मीं किती वर्गांस समजावून दिल्या याची गणती नाहीं. त्यांतील एकहि पक्षी मीं पाहिलेला नव्हता, आणि त्याचें मला कधीं कांहीं वाटलेंहि नव्हतें.

ह्या परीक्षेच्या भोंवतीं नियमांचें कुंपण आहे. सूर्योदयापूर्वीं अर्धा तास ते सूर्यास्त एवढीच वेळ. बंदुकींत एका वेळीं तीनच काडतुसें. दाणे टाकून पक्ष्यांस भुलवावयाचें नाहीं. जिवंत बदकें बांधून त्यांच्या हांकेनें इतरांस उतरवावयाचें नाहीं. पाण्यावर मांडावयाचीं तीं बनावट बदकेंच. हे निर्बंध १९३५ पासूनचे आहेत. शिशाच्या छऱ्यांस १९९१ पासून सबंध देशांत पाणपक्ष्यांच्या शिकारींत बंदी आहे. कारण तळाशीं पडलेले छरे बदकें खडे समजून गिळतात, आणि न मारलेलीं बदकेंहि विषानें मरतात. जाणते शिकारी नवशिक्यास बजावतात, कीं चाळीस वारांपलीकडे बार टाकूं नये, कारण त्या अंतरावर पक्षी बहुधा मरत नाहीं; तो जखमी होऊन लव्हाळ्यांत कोठें तरी झुरतो. पडलेला पक्षी हुडकून काढण्याचा योग्य तो प्रयत्न करणें हें तर कायद्यानेंच बंधनकारक आहे. घरीं नेतांनाहि एक पंख किंवा डोकें पिसांसह तसेंच ठेवावें लागतें, म्हणजे वाटेंत अधिकाऱ्यास पक्ष्याची जात पाहतां यावी.

पहिल्या दिवशीं आम्ही अंधारांतच एका पाणथळापाशीं पोहोंचलों. वाऱ्याकडे पाठ करून पाणकणसांच्या आडोशास बसलों, कारण बदकें वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. थंडीनें माझे दांत वाजत होते. तीन थवे डोक्यावरून गेले. भाच्यानें तिन्ही वेळां बंदूक उचलली आणि खालीं घेतली. मीं विचारलें, "कां रे?" तो म्हणाला, "मामा, नीट दिसलं नाहीं. दुसरंच कांहीं असतं तर?" त्या दिवशीं तो रिकाम्या हातानें घरीं आला. पुढच्या आठवड्यांत एक नर पडला तो पाणकणसांच्या दाट बेटांत. जवळ कुत्रा नव्हता. भाच्यानें बंदूक माझ्यापासून दूर, रिकामी करून ठेवली आणि त्या चिखलांत तो पाऊण तास ढोंपरानें वाट काढीत राहिला. शेवटीं तें बदक सांपडलें. तें अजून ऊन होतें. त्यानें तें माझ्या हातांत दिलें, आणि मीं तें घेतलें. रानांतला पक्षी हातीं घेण्याची माझी ती पहिलीच वेळ. मला तें आवडलें असें मी म्हणणार नाहीं. संध्याकाळीं त्यानें तें स्वतःच्या हातांनीं सोललें, शिजवलें आणि खाल्लें. मी त्याच मेजावर वरणभात जेवलों. संक्रांतीस फिरलेलें छायाचित्र तें ह्याच बदकाचें.

ह्या दोन सकाळींच्या मध्यें मीं त्याला एक प्रश्न विचारला होता. पाणथळाच्या कडेस एक पाटी होती व तिच्यावर उडत्या पक्ष्याचें चित्र होतें. मीं विचारलें, "हें तळें कोणाच्या मालकीचें?" तो सहज म्हणाला, "आमचं. म्हणजे सगळ्यांचं. तिकिटाच्या पैशांतून घेतलेलं." ह्या 'तिकिटा'ची कथा वाचकांनीं नीट ऐकावी, अशी माझी विनंती आहे, कारण माझ्या सर्व म्हणण्याचा मुद्दा तींतच आहे.

१९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत भयंकर अवर्षण पडलें. त्यापूर्वींच शेतीसाठीं लक्षावधि एकर पाणथळें चर खणून कोरडीं करण्यांत आलीं होतीं. बदकें झपाट्यानें कमी झालीं. तेव्हां १६ मार्च १९३४ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं एका कायद्यावर सही केली. सोळा वर्षांवरील ज्या कोणास बदकांची शिकार करावयाची असेल, त्यानें दर वर्षीं सरकारचें एक तिकीट विकत घ्यावें, त्यावर शाईनें आपली सही करावी, आणि तें जवळ बाळगावें. पहिल्या तिकिटावरचें चित्र जे डार्लिंग ह्या प्रसिद्ध व्यंगचित्रकारानें काढलें. तो स्वतः शिकारी होता. त्या तिकिटाची किंमत एक डॉलर होती, आज ती पंचवीस डॉलर आहे. जमणाऱ्या प्रत्येक डॉलरांतले अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जमिनी विकत घेण्यास किंवा कायमच्या राखून ठेवण्यास जातात. आजवर ह्या मार्गानें शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमली आणि सुमारें साठ लाख एकर भूमि राखली गेली. शिवाय १९३७ च्या दुसऱ्या एका कायद्यानें शिकारीच्या लांब बंदुका व काडतुसें यांवर शेंकडा अकरा कर बसतो, आणि तो वन्य जीवांच्या रक्षणासाठीं राज्यांस वांटला जातो. हा कर रद्द करावा म्हणून शिकाऱ्यांनीं रान उठविलें नाहीं. उलट, तो बसावा म्हणून झटणाऱ्यांत ते होते.

आणि फळ काय मिळालें? २०१९ सालीं उत्तर अमेरिकेंतील पक्ष्यांच्या गणनांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७० पासून तेथील पक्ष्यांत सुमारें तीनशें कोटींची घट झाली आहे. ज्यांस कोणी मारीत नाहीं, ज्यांच्यावर कविता होतात, ते गवताळ रानांतले लहान गाणारे पक्षी निम्म्याहून अधिक नाहींसे झाले. वाढले ते कोण? ज्यांची दर वर्षीं शिकार होते तीं बदकें आणि राजहंस! त्यांची संख्या त्याच काळांत शेंकडा छप्पन्नांनीं वाढली. ही वाढ एकट्या तिकिटामुळें झाली असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. पाणथळांच्या रक्षणाचे दुसरे कायदेहि झाले. पण त्या कायद्यांमागेंहि पाणथळ म्हणजे काय हें ठाऊक असलेलीं, त्यासाठीं पदराला खार लावून घेणारीं माणसें होतींच.

येथें माझे वडीलधारे गृहस्थ हंसतील. ते म्हणतील, "म्हणजे पापाची पट्टी भरली कीं पाप धुतलें गेलें, असेंच ना?" नव्हे. मेलेलें बदक मेलेंच. पंचवीस डॉलरांनीं तें उठून बसत नाहीं. शिकार हें पुण्यकर्म आहे असें माझें म्हणणें नाहीं. मी एवढेंच विचारतों, कीं दोन माणसांची तुलना करा. एक वर्षांतून दहा-वीस पक्षी मारतो आणि तळें राखतो. दुसरा एकहि पक्षी मारीत नाहीं आणि तळें बुजूं देतो. पहिल्याच्या हातून जे गेले ते मोजतां येतात, आणि पुढच्या शरदांत त्यांच्या जागीं दुसरे येतात. दुसऱ्याच्या हातून जे गेले ते मोजतांहि येत नाहींत. कारण त्यांत पुढें कधींहि न उतरणारे सर्व पक्षी येतात. ह्या दोहोंपैकीं हात कोणाचे स्वच्छ दिसतात, आणि हिंसा कोणाची मोठी आहे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पक्ष्यांचा संहार केला कोणीं? शिकाऱ्यांनींच. हें मला मान्य आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील धंदेवाईक शिकारी तोफेसारख्या बंदुका होडीवर चढवून एका बारांत थवेच्या थवे लोळवीत, आणि शहरांतल्या खानावळींकडे पिंपें भरून पाठवीत. १९०० आणि १९१८ च्या कायद्यांनीं तो बाजार बंद पाडला. आमच्या देशांतहि ह्याहून सोज्वळ कांहीं घडत नव्हतें. राजस्थानांतील भरतपूरचें केवलादेव तळें संस्थानिकांनीं शिकारीसाठींच सजविलें. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो यांच्या मेजवानींत तेथें एका दिवसांत ४,२७३ पक्षी पाडले गेले. तो आंकडा आजहि तेथें दगडावर कोरलेला आहे. आमचें गुलाबी डोक्याचें बदक गेल्या कित्येक दशकांत खात्रीलायकपणें कोणाच्या दृष्टीस पडलेलें नाहीं. त्याच्या नाशांत बंदुकीचा वांटा होता, आणि दलदली नाहींशा झाल्या त्याचाहि होता.

परंतु ह्या उदाहरणांनीं माझेंच म्हणणें बळकट होतें. व्हाइसरॉयसाहेबांस कोणीं बांकावर बसवून परीक्षा घेतली होती? त्यांना सहाची मर्यादा कोणीं घातली होती? ते कधीं नवशिके नव्हतेच. ज्याला शिकावें लागत नाहीं, मोजावें लागत नाहीं, आणि किंमतहि द्यावी लागत नाहीं, त्याच्या हातीं बंदूक असो कीं नसो, तो निसर्गाचा नाशच करतो. लिन्लिथगोंच्या त्या दिवसाचें आणि पहांटे तीनदां बंदूक खालीं घेणाऱ्या माझ्या भाच्याचें नातें केवळ बंदुकीपुरतें आहे. मनोवृत्तीनें पाहिलें तर त्या व्हाइसरॉयाचे खरे वारस कोण, हें मी आतां सांगतों. ते आपण आहोंत.

आमच्या देशांत १९७२ सालीं वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें खेळ म्हणून होणारी शिकार जवळजवळ पूर्णपणें बंद झाली. ह्या कायद्यांतील एक अक्षरहि सैल करावें असें मी म्हणत नाहीं. एवढी दाट वस्ती, एवढीं थोडीं राहिलेलीं रानें, आणि नियम पाळण्याची आमची ती सुप्रसिद्ध शिस्त, ह्या तिन्ही गोष्टी पाहतां येथें बंदुकीस परवाना देणें म्हणजे वेडेपणा होईल. परंतु ह्या कायद्यानें आमच्या मनावर एक विपरीत परिणाम केला आहे. बंदूक बंद झाली म्हणजे काम झालें, असें आम्हीं समजून घेतलें. भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं २०२३ सालीं जो अहवाल निघाला, त्यांत सर्वांत अधिक घटलेल्या गटांमध्यें शिकारी पक्षी आणि किनाऱ्यावरचे प्रवासी पक्षी यांच्याबरोबर बदकांचें नांव आहे. बंदी येऊन तीस वर्षें होऊन गेल्यावरची ही गोष्ट आहे. चोरटे फासे अजून लागतात हें खरें. उत्तरेकडे दूर देशीं जेथें कांहीं जाती अंडीं घालतात तेथेंहि संकटें आहेत. पण आमच्या डोळ्यांदेखत, आमच्या गांवाशेजारीं जें तळें नाहींसें झालें, त्याचा दोष कोणत्या शिकाऱ्याच्या माथीं मारावयाचा?

आमची दया फार जुनी आहे. क्रौंचाच्या जोडींतला एक पडला तेव्हां आदिकवीस जो शोक झाला, त्यांतून महाकाव्य जन्मलें, हें आपण अभिमानानें सांगतों. त्या कथेंतून आपण निषादाला शाप देणें तेवढें उचललें. जाळ्यांत दोन बदकें धरलेला कोणी दरिद्री माणूस सांपडला, तर वर्तमानपत्रांत त्याचें छायाचित्र येतें आणि आपण हळहळतों. तळ्यांत मुरूम टाकून त्यावर इमारती उभ्या करणाऱ्या गृहस्थास मात्र आपण व्याख्यानमालेचा अध्यक्ष करतों व त्याच्या गळ्यांत हार घालतों. ही दया सोंवळी आहे. तिला रक्ताचा विटाळ चालत नाहीं. चिखलाचा, सांडपाण्याचा आणि सिमेंटाचा चालतो.

दुसऱ्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं माझीच गोष्ट सांगतों. मी ज्या गृहसंस्थेंत राहतों तिच्या नांवांत 'सरोवर' हा शब्द आहे. वीस वर्षांपूर्वीं मीं तेथें घर घेतलें तें गच्चींतून पाणी दिसतें म्हणूनच, आणि त्याचे चार पैसे अधिकहि मोजले. त्या वेळीं कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत तळें बदकांनीं काळें होई. पुढें रात्रीं राडारोड्याच्या गाड्या येऊं लागल्या. दोन ओढ्यांतून मैला येऊं लागला. मग जलपर्णी पसरली. मग कांठानें फिरावयास रस्ता करावा अशी कल्पना निघाली. त्यासाठीं कांठची उथळ दलदल भरून काढावयाची होती. ती घाण आहे, तींत डांस होतात, असें सर्वांचें मत पडलें. बदकें चरतात तीं त्याच उथळ पाण्यांत, हें आमच्यापैकीं एकासहि ठाऊक नव्हतें. रस्त्याच्या मागणीचा अर्ज इंग्रजींत सुरेख लिहिणारा कोणी तरी हवा होता. तो अर्ज मीं लिहिला. आज त्या रस्त्याच्या भिंतीवर रंगीत बदकांचीं चित्रें आहेत, आणि मी तेथें रोज सकाळीं फिरावयास जातों.

अमेरिकेहून परत आल्यावर, ह्या तळ्यावर पूर्वीं कोणकोणतीं बदकें येत, हें मीं विचारावयास सुरुवात केली. आमच्या संस्थेंत चार डॉक्टर, दोन वकील आणि माझ्यासारखे तीन प्राध्यापक आहेत. कोणास एकहि नांव सांगतां आलें नाहीं. सांगितलीं तीं तेथें अजून मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या भोयानें. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग, अडई, नकटा, हळदी-कुंकू, असा तो बोटांवर मोजीत गेला. कोणतें कोणत्या महिन्यांत येई, कोणतें बुडी मारी आणि कोणतें नुसतें शेपूट वर करून चरे, हेंहि त्यानें सांगितलें. चक्रवाकाचें नांव त्यानें घेतलें तेव्हां मात्र मी चपापलों. संस्कृत काव्यांतला हा विरही पक्षी माझ्या घराखालीं दर हिंवाळ्यांत उतरत होता, आणि मी खिडकी लावून घेऊन आंत त्याच्यावरचे श्लोक वाचीत होतों!

पक्ष्यांचें ज्ञान बंदुकीवांचून होणारच नाहीं, असा एक काळ होता. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांत ज्यांचें नांव आपण घेतों ते ह्यूमसाहेब हिंदुस्थानांतील शिकारीच्या पक्ष्यांवरील एका मोठ्या ग्रंथाचे कर्ते होते. सालीम अली यांच्या हातून लहानपणीं मुंबईकडे छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून तें मूल ती कोणती हें विचारीत मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेंत गेलें, आणि तेथून देशाला आपला सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ मिळाला. तो काळ गेला. आज दुर्बीण आहे, छायाचित्रण आहे; प्राण घेण्याचें कारण उरलेलें नाहीं. परंतु त्या शाळेंतली शिस्त कालबाह्य झालेली नाहीं. बंदूक वजा करा. बाकी सर्व अभ्यासक्रम जसाच्या तसा आमच्या घरांत आणावा, असें माझें सांगणें आहे.

तो अभ्यासक्रम कोणता? पहिली गोष्ट, ओळख. आपल्या जिल्ह्यांत येणारीं दहा-बारा बदकें, नर आणि मादी, आपणांस व आपल्या मुलांस नांवानें ओळखतां आलींच पाहिजेत. निफाड तालुक्यांतील नांदूर-मधमेश्वर, ज्यास महाराष्ट्रांतील पहिलें आंतरराष्ट्रीय महत्त्वाचें पाणथळ म्हणून मान मिळाला, किंवा उजनीच्या फुगवट्यावरील भिगवण, हीं ठिकाणें कांहीं सातासमुद्रांपलीकडे नाहींत. दुसरी गोष्ट, मोजणी. आशिया खंडांत १९८७ पासून दर जानेवारींत पाणपक्ष्यांची गणना होते; तींत आपल्या तळ्याचा आंकडा दर वर्षीं गेला पाहिजे. ज्याची मोजदाद नाहीं त्याची चोरीहि उघडकीस येत नाहीं. तिसरी गोष्ट, हद्द. तळ्याचा सात-बारा काढावा, क्षेत्र किती होतें आणि किती उरलें हें पाहावें, मोजणी मागावी. घराच्या एका वीतभर भिंतीसाठीं आपण तीन पिढ्या कोर्टांत झगडतों. तळ्याच्या चार एकरांसाठीं एक अर्ज करावयास काय हरकत आहे? चौथी गोष्ट, पैसा. ज्या घरास पक्ष्यांचें कौतुक आहे त्यानें वर्षाकांठीं एक ठराविक रक्कम, मग ती नाटकाच्या दोन तिकिटांएवढी कां असेना, जवळच्या तळ्यासाठीं बाजूला काढावी. नाटकाचें तिकीट आपण काढतों, ह्याचेंहि काढावें.

एवढें करण्याची ज्यांची तयारी नाहीं, त्यांनीं शिकाऱ्यास क्रूर म्हणण्याचा अधिकार सोडून द्यावा. तो अधिकार न मारण्यानें मिळत नाहीं. सात पिढ्यांत मुंगी मारली नाहीं ही गोष्ट भूषणावह खरी. परंतु त्याच सात पिढ्यांत आपण कोणतें तळें राखलें, ह्याचेंहि उत्तर त्या संक्रांतीच्या बैठकींत कोणीं तरी द्यावयास हवें होतें. माझ्यापाशीं तें नव्हतें. म्हणूनच मी गप्प बसलों होतों.

बहिणीस मीं नंतर एवढेंच सांगितलें, कीं मुलगा बिघडलेला नाहीं. तो जें घेतो त्याची किंमत देतो, आणि घेतांना त्याचा हात थांबतो. तिचें समाधान झालें कीं नाहीं, मला सांगतां येत नाहीं. त्यानंतर माघांत मी तीन सकाळीं आमच्या तळ्यावर वही घेऊन गेलों आणि मोजणी केली. सतरा बदकें भरलीं. सतराहि हळदी-कुंकू होतीं, म्हणजे बारमहा येथेंच राहणारीं. उत्तरेकडून आलेलें त्यांत एकहि नव्हतें.